भिंतीवरचं हृदय

मी प्रोजेक्टर बोलतोय. कपाटाचं दार बंद आहे, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

दोन हजार तीन साली मी बीड जिल्ह्यातल्या पालीजवळच्या एका शाळेत आलो. सोबत संगणकही होता. नवी वस्तू आली की तिची पूजा व्हायचीच. मुख्याध्यापक विठ्ठलरावांनी नारळ फोडला, हार घातला आणि कुंकवाचं बोट नेमकं माझ्या भिंगावर टेकवलं. अहो, डोळाच तो माझा! भिंतीवर पहिलं चित्र उमटलं ते लाल डागासकट. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलं आणि किल्ली सरांच्या खिशात गेली. माझा देव करून टाकला; आता देवाला कामाला कोण लावणार?

विज्ञानाच्या वर्षाराणी मॅडम मात्र माझ्या भरवशावर होत्या. रविवारी बीडला संगणकाच्या क्लासला जाऊन त्यांनी हृदयाच्या स्लाइड तयार केल्या होत्या. बटण दाबलं की रक्त पुढे सरकायचं, फुप्फुसात जाऊन परत यायचं. हा सगळा खटाटोप दहावीतल्या शिवगंगासाठी. तिच्या वडिलांनी, किराणा दुकानदार बसवराजांनी, बजावलं होतं, "पास झालीस तर पुढं शीक. न्हाई तर लगीन." बाकी विषयांची काळजी नव्हती, विज्ञानात घोडं अडलं होतं. फळ्यावरच्या बाणांच्या गर्दीत ती हरवायची.

"मॅडम, रगत जातं ते कळतंय. परत कसं येतं, ते काय डोक्यात शिरंना."

मॅडमनी किल्ली मागितली.

"साहेब तपासणीला यायचे हायत," विठ्ठलराव म्हणाले. "तवर बिघडलं, तर कावून बिघडलं म्हणून मलाच इचारतील. फळ्यावर शिकवा की!"

मॅडमनी पुन्हा मागितली, रडकुंडीला येऊन मागितली. सर वाईट नव्हते हो, भित्रे होते. मी आत बसून सगळं ऐकत होतो. जीव तुटत होता माझा.

तपासणी लांबत गेली. परीक्षा होऊन गेली. शिवगंगा विज्ञानात नापास झाली.

दिवाळीनंतर एकदाचे साहेब आले आणि माझं प्लॅस्टिक निघालं. समोर नववीची मुलं बसवली होती. मॅडमनी बटण दाबलं आणि भिंतीवर हृदय दिसू लागलं, कोपऱ्यात कुंकवाचा डाग घेऊन.

नेमकी तेव्हाच शिवगंगा वडिलांबरोबर लग्नाची पत्रिका द्यायला आली. ती दारातच थबकली. रक्त फुप्फुसाकडे गेलं, तिथून परत हृदयात आलं. तिने एकदाच पाहिलं.

"मॅडम, असं परत येतंय व्हय?" ती म्हणाली. "लई सोपं हाय की वो."

मॅडमना पुढचं बटण दाबवेना. साहेब "छान, छान" म्हणाले. विठ्ठलरावांनी टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळी मी पुन्हा कपाटात गेलो.

आता माझा दिवा मंद झालाय. भिंगावरचा डाग कुणी पुसलेला नाही. तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला ओवाळू नका. खुशाल वापरा, वापरून वापरून मोडून टाका. पण एखादी शिवगंगा पत्रिका घेऊन दारात उभी राहायच्या आत.