मेनूत आपोआप आलेलं पान

कर्लिंग क्लबच्या वेबसाइटचा मेनू लावायचं काम एल्फी पेनरकडे आलं, ते ती कॉम्प्युटरात हुशार होती म्हणून नव्हे. त्या दिवशीच्या सभेला ती उशिरा पोचली एवढाच तिचा गुन्हा. वेळेवर हजर नसलेल्या माणसाच्या गळ्यात काम बांधायची कॅनडातल्या मॅनिटोबामधल्या या गावाची जुनी खोड. बर्फावरून दगड सरकवायच्या या खेळापायी गाव हिवाळाभर खुळं झालेलं असतं, आणि सामना किती वाजता ते वेबसाइटवर सापडलं नाही की फोन एल्फीलाच येतो.

गुरुवारी दुपारी तिने सगळा मेनू मोडून नव्याने लावला. 'स्पर्धा'च्या पोटात 'वेळापत्रक' आणि 'निकाल' बसवले, 'हॉल भाड्याने' शेवटी ढकललं. कोणी नवं पान लिहिलं की ते दर वेळी आपण हाताने मेनूत आणून ठेवायचं, याचा तिला वीट आला होता. तेवढ्यात खाली एक चौकोन दिसला: नवी पानं आपोआप मेनूत घ्यावीत. इतकी वर्षं हे कोणी सांगितलं नाही म्हणून तिने मेल्यांना दोन शिव्या घातल्या, टिक केली आणि कपडे वाळत घालायला गेली.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. कमिटीची मंडळी आपसांतली कागदपत्रंही वेबसाइटवर पान करूनच ठेवत आणि त्याचा पत्ता एकमेकांना ईमेलने धाडत. मेनूत नाही म्हणजे कोणाला दिसत नाही, हा त्यांचा कायदा. कपाटाला कुलूप नव्हतं, पण आजवर कोणी ते उघडलंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बेकरीवाल्या डोरिसचा फोन आला.

"एल्फी, ऑर्विल सोडतोय होय? बोलली नाहीस कधी ते."

ऑर्विल म्हणजे एल्फीचा नवरा. क्लबचा बर्फ गेली एकतीस वर्षं तोच तयार करत होता. पाठीवर पाण्याची टाकी घेऊन उलट्या पावलांनी चालत, दगड नीट सरकावेत म्हणून बर्फावर एकसारखे थेंब शिंपडत.

एल्फीने वेबसाइट उघडली. 'संपर्क'च्या शेजारी मेनूत ठसठशीत लिहिलेलं होतं: 'बर्फासाठी नवा माणूस हवा'. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तडक अध्यक्षाला, क्लिफर्डला फोन लावला. दोघं एका वर्गात शिकलेले, त्यामुळे भीडभाड नव्हतीच.

"एकतीस वर्षं राबवून घेतलंत आणि आता त्याच्या पाठीमागे काढताय? तोंडावर सांगायला जीभ झडली होती का तुझी?"

"तुला कुठे दिसलं ते?"

"मेनूत. साऱ्या गावाला दिसतंय."

"मेनूत कसं येईल? काल संध्याकाळी मी फक्त कमिटीसाठी टाकलं." मग त्याने विचारलं, "पान उघडून वाचलंस का तू?"

"वाचायचं काय त्यात?"

"वाच गं. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

त्याचा आवाज इतका मऊ होता की तिचा राग जागीच अडला. तिने पान उघडलं. जाहिरातीच्या मसुद्याखाली ऑर्विलचं पत्र जोडलेलं होतं.

'मित्रहो, वर्षभर उजवा हात कापतो आहे. मार्चमध्ये विनिपेगच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. थेंब आता एकसारखे पडत नाहीत. हात चालतो आहे तोवर कोणाला तरी शिकवून ठेवीन. एल्फीला अजून सांगितलेलं नाही. ख्रिसमस झाला की मीच सांगेन. तोवर हे कमिटीतच राहू द्या.'

तिने ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिला वाटलं, हा दुसराच कोणी ऑर्विल असेल. मार्चमध्ये तो विनिपेगला बर्फाच्या यंत्राचा पट्टा आणायला म्हणून गेला होता. तिने डबा बांधून दिला होता. हल्ली तो सूप वाडग्यातून खायचं सोडून कपातून पितो, त्यावरून ती त्याला आळशी म्हणाली होती, तेही पाहुण्यांसमोर. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मग तिला तो चौकोन आठवला. तिने टिक काढली, मेनूतून पानही काढलं. दोन्ही मिळून अर्धं मिनिट लागलं. पान किती जणांनी पाहिलं तो आकडा खाली दिसत होता: दोनशे चौदा. गावात घरंच मुळी तीनशे.

बाराला ऑर्विल जेवायला आला. बूट दारात काढून खुर्चीवर बसला.

"आज लोकांना झालंय काय, एल्फी? सकाळपासून चौघं आले. काम काही नाही, नुसता माझा हात हातात धरून उभे राहतात. पोस्टातला हेन्री तर रडलाच."

एल्फीने वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"ऑर्विल, मला कळलंय."

त्याने उजवा हात टेबलाखाली नेला.

"कोणी सांगितलं? क्लिफर्डने?"

"नाही. मला तूच सांगितलंस, त्या पत्रात," ती म्हणाली. "आणि गावाला मी."