घरी सांगून आलीस का?

मित्रांनो, मी एक मोरपिसांचा कुंचा आहे. जुना, विटलेला, मुठीचा दोरा सुटत आलेला. बोरी गावात कावेरीच्या दाराआड खिळ्याला टांगलेला असतो. तुम्ही पोरं येता-जाता माझी पिसं उपटता आणि पिलू होईल म्हणून वहीत ठेवता. ठेवा बापड्यांनो, त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळा आहे.

रानात गळलेली पिसं वेचून मला धुरपताबाईनं बांधलं. ती कावेरीची सासू. विंचू चावलेलं माणूस ओसरीवर आलं की ती मंत्र पुटपुटत मला वरून खाली फिरवायची, आणि रडणारं माणूस हळूहळू शांत व्हायचं. लय मान होता माझा! पण म्हातारी मंत्र न देताच गेली. लोक मात्र दारात येतच राहिले. कावेरी किती जणांना तसंच परत पाठवणार? तिला गुरू हवा होता. गुरूनं दिल्याशिवाय मंत्र लागू पडत नाही, अशी आमच्याकडची रीत.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचे दिवस. एसट्या कधी धावायच्या, कधी नाही. तरी कावेरी मला पिशवीत घालून गंगाखेडला एका महाराजाकडं गेली. भगवी कफनी, गोड बोलणं. तो म्हणाला, "विद्या देतो. आवसेला एकटीच ये. घरी कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलं की विद्या नासती."

कावेरी घुटमळली. तेवढ्यात तापानं फणफणलेल्या एका पोरीला तिच्या आईनं आणलं. हिला झपाटलंय, असं म्हणत महाराजानं कावेरीच्या हातून मला ओढलं, उलटं धरलं आणि माझ्या बांबूच्या मुठीनं त्या पोरीच्या पाठीत हाणलं! मित्रांनो, माझा जन्म झाडण्यासाठी, मारण्यासाठी नव्हे. मेल्यानं माझ्याकडून ते पाप करवून घेतलं! अजून आठवलं की अंगाची आग होते. कावेरीनं मला हिसकावलं. "पोरीला ताप हाय, दवाखान्यात चला!" असं ओरडत ती त्या मायलेकींना घेऊनच बाहेर पडली.

पुढं कुणीतरी जिंतूरच्या बायनाबाईचं नाव सांगितलं. ती ज्वारी निवडत बसली होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "घरी सांगून आलीस का, माय?"

"न्हाई."

"मग जा. नवऱ्याला घिऊन ये. त्याच्यासमोर शिकविते."

कावेरी फणकारली. पण पुढच्या बाजारी नवऱ्याला, पंडितला, घेऊन गेली. तो कुरकुरला, "ह्यात माझं काय काम हाय?"

"तुमी नुसतं आयकत बसा," बायनाबाई म्हणाली. तिनं मंत्र दिला, माझ्या मुठीला नवा काळा दोरा बांधला आणि बजावलं, "मंत्र भ्या उतरवतो. जहर डाक्टर उतरवतो. लेकराला विंचू चावला की अगुदर गाडीत घालायचं. मंत्र गाडीत म्हणायचा."

तेव्हापासून मी एसटीतून हिंडू लागलो. कावेरी मांडीवर लेकरू घ्यायची आणि दवाखाना येईपर्यंत त्याच्या पायावरून मला फिरवायची. कंडक्टर आधी हसायचे. मग तेच ओरडायला लागले, "सरका हो, लेकराला विंचू चावलाय!"

आता नामांतरही होऊन गेलं. परवा शेजारची लीला आली. "मावशे, मला बी मंत्र शिकीव."

"घरी सांगून आलीस का?"

लीलानं मान खाली घातली. "गावात त्यो नवा बाबा आलाय ना, त्यो शिकवतो म्हनला. पण घरी सांगू नको म्हनला. मला भ्या वाटायलंय, म्हणून तुज्याकडं आले."

कावेरी उठली. तिनं मला खिळ्यावरून काढलं, चपला घातल्या. "चल, अगुदर तुझ्या मायला सांगू. मग त्या बाबाकडं बघते मी."

मित्रांनो, माझी हवी तेवढी पिसं न्या. पण 'घरी सांगू नको' म्हणणारा कितीही मोठा गुरू असो, त्याच्या दारातून माघारी फिरा आणि घरी येऊन सगळ्यांत आधी तेच सांगा. आणि त्या दिवशी बाबाकडं जाताना वाटेत कावेरीनं मला उलटं धरलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.