मोटारीची बांगडी

भोसरीच्या कंपनीत ज्योतीरामला तोंड उघडायची वेळच येत नसे. लेथ फिरायचं, हात चालायचे, शिफ्ट संपायची. आज मात्र माणला चिमाजीच्या पडवीत मुलगी बघायला बसल्यावर त्याची पुरती गाळण उडाली होती. सुभद्रा पोह्यांच्या बशा ठेवून आईच्या, शालनबाईंच्या, मागं उभी राहिली आणि तेवढ्यातच ती त्याच्या मनात भरली. आता सगळं तिच्या बापावर होतं.

"कंपनीत करता काय, पाव्हणं?" चिमाजीनं विचारलं.

"टर्नर हाय, मामा. बुश बनवतो. फेसिंग मारायचं, बोअर काढायचा, टॉलरन्स सांभाळायचा..."

"आमाला कळंल असं सांगा की."

"टॉलरन्स म्हंजी, दोन लिमिटच्या मधी साइज बसवायची."

"आन् ते लागतं कशाला?"

"असेंब्लीला."

चिमाजीनं बशी खाली ठेवली. ज्वारी पिकवणारा कणसं दाखवतो, सुतार पेरणीची पाभर दाखवतो, एवढी साधी त्याची रीत. "सोताचं काम ज्याला सांगता येईना, त्यो काम तरी करतो का नुसता भोंगा ऐकून येतो-जातो? न्हाई जमायचं," म्हणून तो उठलाच.

सोबत आलेला थोरला भाऊ जयसिंग टोपी शोधायला लागला. ज्योतीरामच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्यात शालनबाईंच्या मागं बांगड्या किणकिणल्या. सुभद्रानं हात मुद्दाम हलवला की काय, देव जाणे.

"मामी," तो घाईनं शालनबाईंना म्हणाला, "कासार बांगडी कशी भरतो वो?"

"कशी म्हंजी? हात दाबून बघतो, मापाची काढतो."

"बारीक निघाली तर?"

"हात सोलतो मेला!"

"आन् मोठी निघाली तर?"

"भांडी घासताना निसटती, फुटती."

"मामा, मोटारीच्या आसाला बी अशीच धातूची बांगडी लागती. घट्ट झाली तर आस तापतो, सैल झाली तर चाक डुगडुगतं. ती मी मापात कातून देतो. बास, एवढंच काम."

उठलेला चिमाजी परत खाली बसला. बशी पुन्हा हातात घेत त्यानं डोळे बारीक केले.

"तुमच्या हातनं बांगड्या वाया जात्यात का?"

"पयल्या साली लई गेल्या, मामा. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या."

चिमाजी इतका हसला की पोह्याचा ठसका लागला. पाणी पिऊन त्यानं बायकोला हाक मारली.

"अगं ए, कासाराला सांगावा धाड. हिरवा चुडा घिऊन ये म्हणावं. आन् माप नीट घ्यायला सांग, जावई तपासणार हाय."