अचानक नव्हे

माझ्या सुनेने माझ्या मुलाला जिवे मारलं, भर दुपारी, आमच्या इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत. तो जेवून आडवा झाला होता. नात शाळेत होती. मी पुढे टेबलावर चादरींच्या घड्या घालत होते. ती कोळशाची जड इस्त्री घेऊन आत गेली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली. "आई, पोलिसांना बोलवा," एवढंच म्हणाली.

साक्षीला मी एकटीच. तिच्या वकीलबाई चार वेळा घरी आल्या.

"मावशी, तो उठून तिच्या अंगावर धावला, एवढं म्हणा. मग तिला अचानक राग आला, असं मला मांडता येईल. कायद्याला अचानक लागतं."

"अचानक कसलं? नऊ वर्षं चाललं होतं."

"नऊ वर्षं म्हटलं की सरकारी वकील म्हणणार, म्हणजे ठरवून मारलं."

"मग पहिल्याच दिवशी मारायला हवं होतं का तिने?"

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "कायदा मी केला नाही, मावशी."

सुनेच्या दंडांवर इस्त्रीच्या टोकाचे डाग होते. कुणी गिऱ्हाइकाने विचारलं की ती म्हणायची, "धंदाच चटक्यांचा." लोक हसायचे. मीही हसायचे. आत आवाज चढला की मी दुकानातला रेडिओ मोठा करायचे.

तुरुंगात भेटायला गेले तेव्हा मी तिला म्हटलं, "बाई सांगतात तसं बोलते. तू सुटशील. पोरीला तिची आई मिळेल."

ती जाळीजवळ सरकली. "तो झोपला होता, आई. जागा असता तर माझा हात वर गेला असता का?" मग म्हणाली, "काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काही म्हणणार नाही."

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमचा मुलगा त्या वेळी काय करत होता?"

धावला म्हटलं असतं तर ती नऊ वर्षं पुसून गेली असती, आणि त्यांतली मीसुद्धा.

"झोपला होता," मी म्हणाले. वकीलबाईंनी मान खाली घातली. "जागा असता तर तिचा हात वर गेला नसता. नऊ वर्षं गेला नाही. तो तिला चटके द्यायचा आणि मी रेडिओ मोठा करायचे."

कारकुनाने सहीसाठी कागद पुढे केला. मला अक्षरं साठीनंतर आली, कपड्यांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून, सुनेनेच शिकवली. मी बोट ठेवून वाचायला लागले.

"आजी, कादंबरी नाही ती. सही करा."

"घाई तुम्हाला. मला कुठे गाडी गाठायचीय?"

कागदावर 'मयत झोपलेला होता' एवढंच होतं.

"साहेब, माझं बोलणं अर्धंच उतरलंय," मी न्यायाधीशांना म्हणाले.

"बाकीचं त्यांचं मत आहे," सरकारी वकील म्हणाले.

"मत कसलं? डाग मी पाहिलेत. रेडिओचं बटण मी फिरवलंय."

न्यायाधीशांनी तो कागद मागून घेतला आणि वाचला. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. सगळं लिहा."

जन्मठेप टळली. सात वर्षांची शिक्षा झाली. धावला म्हटलं असतंत तर कदाचित सुटलीही असती, असं वकीलबाई जाता जाता बोलून गेल्या. असेलही. मला अजून कळलेलं नाही.

तिला न्यायला आलेल्या पोलीसबाईने आम्हाला बाकावर शेजारी बसू दिलं. मी म्हटलं, "माझा राग आला असेल."

"आला," ती म्हणाली. "पण तो कोर्टातला नाही. त्याआधीचा."

बेड्या घालायला तिने हात पुढे केले आणि म्हणाली, "पोरगी सकाळी उठायला कुरकुर करते. ओरडू नका तिला. नुसतं शेजारी जाऊन बसा, उठते."