राशीपासून उठवलेली

फाल्गुनातली सकाळ होती. सोनगीरच्या पलीकडे, हायवेपासून आत असलेल्या एका गावात रुपचंदच्या खळ्यावर दादर ज्वारीची उपणणी चालली होती. हायवेकडच्या गावांत एव्हाना थ्रेशर घरघरू लागले होते, पण रुपचंदची दादर अजून बैलांच्या पायांखाली मळली जाई आणि वाऱ्यावर उपणली जाई. तिवईवर उभी होती कुंदाबाई, रुपचंदच्या धाकट्या भावाची विधवा. भाऊ गेल्या पोळ्याला तापानं गेला होता. खालून टोपल्या भरून देत होती तिची मोठी जाऊ, वच्छलाबाई.

कुंदाला वाऱ्याची नस ठाऊक होती. वारा पडला की ती थांबे, उठला की टोपली हलकेच तिरकी करी. भुसा पलीकडे जाई आणि दाणा पायाशी पडे. वच्छलाला त्याचं कौतुक वाटे आणि पोटातही दुखे. दीर होता तोवर राशीची पूजा धाकटीच करी. "कुंदाचा हात लक्ष्मीचा," असं घरदार म्हणे, आणि थोरली असून वच्छला नारळ धरून मागं उभी राही.

टोपली घेताना कुंदा हळूच म्हणाली, "अक्का, पूजा तुम्हीच करा. पन माले राशजोडे उभी राहू द्या. तठून बी उठाडं, ते मी समजसू, हाई घर मन्हं नही. सांजनी यष्टीमा साक्रीले माहेर चालनी जासू."

वच्छलानं पुढची टोपली भरली.

दुपार कलली तेव्हा खळ्यात पांढरीशुभ्र रास उभी राहिली. गावातली चार माणसं पूजेला जमू लागली. सासू भागाबाई मात्र उठून बांधावरच्या निंबाखाली जाऊन बसली. तीही विधवा. पूजेच्या वेळी विधवेनं राशीजवळ थांबायचं नाही, ही चाल ती कैक वर्षं मुकाट्यानं पाळत आली होती. तिथूनच तिनं वच्छलाला बोलावलं.

"वच्छला, कुंदानं काय करू व? राहू देऊ का तिले राशजोडे?"

म्हातारी चक्क विचारत होती. वच्छलानं नुसतं 'हां' म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"रीत ते रीत शे, माय," ती म्हणाली. "तुम्ही बी ते दूरच बसतस ना?"

"हां, बसस मी," म्हातारी म्हणाली.

रीत मोडायला छाती लागते म्हणतात. पाळायला कधीकधी नुसता हेवा पुरतो. वच्छला खळ्यात आली आणि जावेकडे न बघताच म्हणाली, "कुंदा, घर जाय. कणगी सारवी ठेव. दाना घर वनात ते कशामा भरसूत?"

शेणामातीनं सारवलेली कणगी आधीच कडकडीत वाळली होती. आज ती पुन्हा ओली केली तर आत भरायची दादर कुजेल, हे कोणत्याही शेतकऱ्याच्या बाईला कळतं. कुंदानं केसांतला भुसा झटकला, पदर सारखा केला आणि वाट धरली.

वच्छलानं राशीला हळदकुंकू वाहिलं. ज्या मानासाठी इतकी वर्षं जीव तळमळला तो आज हातात होता. नारळ फुटल्यावर जमलेल्यांतले म्हातारे लोटन आबा पुढं झाले. गावातली जुनी चाल त्यांनी आठवण करून दिली, "पहिलं सूप उपननारना हातनं भरानं. कोनी उपनी दादर?"

"मीच उपनी, आबा," रुपचंद म्हणाला.

शेजारच्या शेतातून आबांनी सकाळपासून तिवईवरची कुंदा पाहिली होती. बाकीच्यांनीही पाहिली होती. राशीसमोर मोठ्यानं बोलू नये अशी चाल आहे आणि खोटं बोलू नये अशीही आहे. पहिली चाल सगळ्यांनी नीट पाळली.

नवऱ्यानं राशीकडे हात नेला आणि वच्छलाला शरमेनं उभं राहवेना. खोटं सुरू कुणी केलं होतं? तिनंच. ती तडक घराकडे निघाली.

कुंदा दोन लुगड्यांचं गाठोडं बांधत होती.

"कुंदा, मायनी नही तुले काढं. मीनी काढं. मन्हा पोटमा पाप व्हतं."

"माहीत शे, अक्का. मायनी काढं असतं ते तोंडवर सांगं असतं. कणगीनं निमित्त तुमनंच."

"मंग चाल, कुंदा. मी पाया पडस."

"कसाले? तुम्हले बरं वाटाले?" कुंदाचा आवाज चढला नाही. "आठे चार भितडासमोर रडी काय फायदा? जठे मन्हं नाव पुसं, तठे सांगा."

वच्छला पुढं आणि कुंदा बरंच अंतर ठेवून मागं, अशा दोघी खळ्यावर आल्या. पूजा केलेली बाईच निघून गेल्यानं भरणं अडलं होतं; रुपचंद रिकामं सूप घेऊन उभाच होता, माणसंही.

"दादर कुंदानी उपनी," वच्छला म्हणाली. "यास्नी नही. आनी तिले आठून मीनी काढं. रीत म्हनीसन नही, हेवा म्हनीसन."

"येडी व्हयनी का तू?" रुपचंद ओरडला.

त्याच्या हातातलं सूप तिनं काढून घेतलं आणि कुंदापुढं धरलं. कुंदा राशीवर वाकली, सूप काठोकाठ भरलं आणि पोत्यात ओतलं. आभाळ कोसळलं नाही की दाणा काळा पडला नाही. लोटन आबांनी मान खाली घातली आणि पोत्याचं तोंड धरलं.

कुंदानं वच्छलाकडे पाहिलं नाही. पाहावं तरी कशाला? एका सुपानं असले अपराध फिटत नाहीत, हे वच्छलालाही कळत होतं. जाऊ कायमची थांबली की नुसती आज थांबली, हे विचारायचं तोंड तिला उरलं नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. भागाबाई निंबाला धरून उठली होती, पण सावलीबाहेर पाऊल टाकत नव्हती.

"वच्छला, मी बी येऊ का व?"

सत्तरीच्या सासूनं सुनेला विचारलं होतं, स्वतःच्या शेतात, स्वतःच्या राशीपाशी यायला. वच्छला निंबाकडे निघाली. या घरात आल्यापासून दरवर्षी तिनं त्या निंबाखाली सासूला पाण्याचा तांब्या नेऊन दिला होता, आणि दरवर्षी ती एकटीच माघारी आली होती.