माणिकप्पांना चढवलेला कोट

लातुरात मन्मथ सरांच्या क्लासला सगळं होतं. चारशे पोरं होती, सकाळ-संध्याकाळच्या बॅचेस होत्या, बोर्डात आलेल्या सहा पोरांचे फोटो दारावर होते. त्यातली दोन इतर तीन क्लासांच्या दारांवरही तशीच हसत होती. नव्हतं ते फक्त प्रेरणास्थान. शेजारच्या क्लासवाल्यानं आपल्या हेडमास्तर आजोबांचा फोटो हार घालून टांगल्यापासून पालक तिकडंच वळून राहिले होते.

म्हणून सरांनी किल्लारीच्या गुरम्मा आत्याकडून आजोबांचा फोटो आणला. भूकंपात आत्याचं घर बसलं, त्यातून पेटीतला हा एकच वाचला होता.

"दोन दिसांत आणून दे रे," आत्या म्हणाली होती. "अप्पाचं तोंड दुसरीकडं कुटंच न्हाई."

फोटो १९३४ सालचा, मुंबईच्या चौपाटीवरचा. मधोमध कोट घालून सावकार उभा. मागं त्याची मंडळी गुडघाभर पाण्यात. आणि आजोबा माणिकप्पा, धोतर खोचून, वाळूत सगळ्यांच्या चपला राखत बसलेले.

सर फोटो घेऊन स्टुडिओवाल्या जिलानीभाईंकडं गेले.

"फिकर करू नका," जिलानीभाई म्हणाले. "बोर्डातल्या पोरांना टाय मीच लावतो." त्यांनी ब्लेडनं माणिकप्पांचं डोकं कापलं आणि सावकाराच्या कोटावर डिंकानं बसवलं.

आठव्या दिवशी, मोठी कॉपी काढायच्या ऐन वेळी, आत्या जीपनं येऊन स्टुडिओत उभी राहिली.

"ह्ये कोण?"

"आजोबाच की, आत्या. जरा नीटनेटके केलेत."

"कोट सावकाराचा हाय. अप्पानं त्याला बोट लावलं असतं तर सावकारानं चौपाटी डोक्यावर घेतली असती."

"पालकांना बॅरिस्टर म्हणून सांगितलंय."

"मग आता खरं सांग. चपला राखायला गेलते म्हन. दहा जोड होते, एक बी हरवला न्हाई. तुज्या क्लासात पोरांची एक तरी चप्पल जागेवर राहती का?"

जिलानीभाई कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याआड गेले. तिथं त्यांचे खांदे हलत होते.

"आत्या, उद्या फोटोला हार घालायला आमदार येणार आहेत."

"मग आमदाराचं तोंड डकव. माज्या बापाचं काढ."

ती तिथंच स्टुलावर बसली. जिलानीभाईंनी कोमट पाण्यात कापूस भिजवून डोकं हळूच सोडवलं आणि जागच्या जागी परत बसवलं. मानेवर केसाएवढी रेघ राहिली. आत्यानं फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला, पदरात बांधला आणि किल्लारीची जीप धरली.

सर दाराकडं वळले.

"सर," जिलानीभाई म्हणाले, "पासपोर्टवाल्यांसाठी माझ्याकडं एक कोट हाय. समुद्राचा पडदा हाय. तुम्हाला मिशी काजळानं काढू. चहाच्या पाण्यात बुडवला की फोटो साठ वर्षांनी जुना."

सरांनी आरशात पाहून भांग बदलला. कोट अंगात घालता घालता म्हणाले, "खाली साल टाका. आणि बॅरिस्टर ठळक."