हात खाली

त्या जिममध्ये रक्ताबद्दल कोणी विचारत नसे. रिंगच्या कोपऱ्यात एक निळी बादली असायची, थुंकायचं ते त्यातच, आणि 'अरे, रक्त?' असं जो विचारेल त्याने ती बादली धुवायची, असा नियमच होता. त्यामुळे ओठ फाटो नाहीतर दात पडो, सगळे आपले तोंड शिवल्यासारखे गप्प.

तर धाकटीची दुसऱ्या दिवशी बॉक्सिंगची फायनल होती. तिचा दादा पॅड धरून उभा, आणि ती त्या पॅडवर अशी तुटून पडलेली की भिंतीवरचा आरसा थरथरत होता.

"हात वर ठेव. कोपर आत. नाक काय प्रदर्शनाला मांडलंयस?" दादा ओरडला, आणि ओरडता ओरडताच खोकला. वाकून बादलीत थुंकला. लालभडक, फेसाळ.

धाकटी जागच्या जागी थिजली. दादाच्या तोंडाला तर आज कोणी बोटही लावलं नव्हतं. पॅड धरणाऱ्याला कोण मारतं?

"दादा, रक्त?"

"बादली ताईंची," शेजारी दोरी उड्या मारणारा टकल्या म्हणाला, आणि सगळे खिदळले.

"हिरडी असेल," दादा म्हणाला. "चल, पुन्हा."

आणि खोकला थांबलासुद्धा. तो थांबला म्हणूनच तिने दातांनी ग्लोव्ह्ज ओढून काढले. मागे अपघातात दादाच्या छातीतली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी फाटता फाटता राहिली होती, तिथे आत कापडी नळी बसवली होती. दादा गुंगीत होता, म्हणून सर्जनबाईंनी तिलाच बजावलं होतं, "कधी खोकल्यातून रक्त आलं तर लगेच आणायचं. आधी थोडं येईल, थांबेल. थांबलं म्हणून घरी बसलात, तर पुढचं थांबणार नाही."

"दादा, हॉस्पिटल. आत्ता."

"परवा जाऊ. उद्या तुझी फायनल आहे."

तिने त्याचा दंड धरून ओढला. त्याने झटकला. तिने पुन्हा धरला, तर त्याने पॅड काढून फेकले आणि तिला दोरांवर ढकललं.

"मी परत त्या खाटेवर जाणार नाही, समजलं? आणि तुझी फायनल बुडवून तर मुळीच नाही."

"मग मी खेळतच नाही."

दादाचं डोकं फिरलं. उजवा हात मागे गेला. तो ठोसा ती झोपेतही चुकवू शकली असती. तिने हात खाली सोडले आणि चेहरा तसाच ठेवला.

काटकी मोडावी तसा आवाज झाला. नाकातून रक्ताची धार लागली, बनियन भिजलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोणी हसलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "मोडलं नाक. आता उद्याचं काही उरलं नाही. चल."

दादा स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण शब्दांऐवजी खोकला आला, आणि या वेळी तोंडभर रक्त. तिने त्याला घट्ट मिठी मारली, हरणारा खेळाडू समोरच्याला धरून ठेवतो ना, तशी. तिच्या मानेवरून गरम गरम ओघळ पाठीवर गेला.

"सर, गाडी," ती किंचाळली. इतका वेळ हाताची घडी घालून उभे असलेले कोच धावले. टकल्याने दादाचे पाय उचलले. गाडीत ती दादाला एका कुशीवर धरून बसली, तो गुरगुरत श्वास घेत होता, सीट चिकट झालेली, आणि ती त्याला सारखी शिव्या घालत होती म्हणजे तो झोपणार नाही.

स्ट्रेचरवर रक्ताची तिसरी गुळणी आली, आणि ती खरंच थांबेना. पण तोवर सर्जनबाई हातमोजे चढवून शेजारून धावत होत्या.

दादा वाचला. घशातली श्वासाची नळी निघाली त्या दिवशी धाकटी नाकावर हे एवढं प्लास्टर घेऊन खाटेशी बसली होती.

"बादली?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"सरांनी धुतली."

त्याने तिच्या नाकाकडे बघितलं. डोळे भरून आले, तसं त्याने तोंड फिरवलं.

"हात खाली का होते तुझे?"

"गप पड."

"मारताना कोपर आत होतं ना माझं?"

"आत होतं," ती म्हणाली. "फर्स्टक्लास मारलास, मेल्या."